ज्यू प्रार्थनावस्त्राचे गोंडे : स्मरणाची खूणगाठ

जेरुसलेममधील पश्चिम भिंतीसमोर प्रार्थना करणाऱ्या ज्यू भाविकांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर वारंवार दिसतात. अंगावर पांढरी शाल, तिच्यावर काळे किंवा निळे पट्टे आणि चार टोकांना लोंबणारे दोरे, असे या भाविकांचे रूप असते. काही जणांच्या सदऱ्याखालूनही असेच पांढरे दोरे बाहेर आलेले दिसतात. मराठी बातम्यांमध्ये या वेषाचा उल्लेख बहुधा ‘प्रार्थनेची शाल’ असा केला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. ज्यू धर्मशास्त्राच्या दृष्टीने महत्त्व शालीला नसून तिच्या चार कोपऱ्यांना बांधलेल्या गोंड्यांना आहे. गोंडे नसतील तर ती शाल म्हणजे केवळ कापड होय.

या गोंड्यांना हिब्रू भाषेत ‘त्सीत्सीत’ असे म्हणतात आणि ते ज्या वस्त्राला लावले जातात त्याला ‘तालीत’ असे नाव आहे. महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजात त्सीत्सीतचा उच्चार ‘सीसीत’ असाही होतो. अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे, पुणे आणि मुंबई येथील सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या प्रार्थनेला जमणारे मराठीभाषक ज्यू हेच वस्त्र पांघरतात. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. शिवाय या गोंड्यांचा मूळ हेतू आणि कोकणातील या समाजाचा इतिहास यांचा परस्परांशी जवळचा संबंध आहे. दोन्हींच्या केंद्रस्थानी एकच प्रश्न आहे, तो म्हणजे विसरण्याचा आणि आठवण्याचा.

आज्ञा काय आहे?

ज्यू धर्मग्रंथ तोरामध्ये गोंड्यांविषयी दोन ठिकाणी सांगितले आहे. मराठी बायबलमध्ये ‘गणना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या १५व्या अध्यायाच्या अखेरीस मोशेला आज्ञा होते की, इस्रायली लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वस्त्रांच्या कोपऱ्यांना गोंडे लावावेत आणि प्रत्येक गोंड्यात एक निळा धागा घालावा. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २२व्या अध्यायात याच आज्ञेचा एका ओळीत पुनरुच्चार असून तेथे पांघरण्याच्या वस्त्राच्या चार कोपऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

‘गणना’ ग्रंथात आज्ञेबरोबर तिचे कारणही दिलेले आहे. गोंडे दृष्टीस पडताच ईश्वराच्या सर्व आज्ञांचे स्मरण व्हावे आणि माणसाने आपले मन व डोळे नेतील तिकडे भरकटू नये, हे ते कारण होय. पाहणे, आठवणे आणि आचरणे अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. मराठीत एखादी गोष्ट विसरू नये म्हणून आपण ‘खूणगाठ बांधतो’. त्सीत्सीत ही शब्दशः अशीच खूणगाठ आहे.

ही आज्ञा ज्या संदर्भात आली आहे तोही लक्षणीय आहे. त्याआधीच्या अध्यायांत कनान देश पाहून येण्यासाठी पाठविलेल्या बारा हेरांची कथा आहे. त्यांपैकी दहा जण डोळ्यांना दिसलेल्या बलाढ्य शत्रूमुळे घाबरून परतले आणि त्यांनी लोकांचे मन खचविले. हेरांच्या ‘शोधत फिरण्यासाठी’ मूळ हिब्रूत जे क्रियापद वापरले आहे, तेच पुढे गोंड्यांच्या आज्ञेत डोळ्यांच्या भरकटण्यासाठी आले आहे. डोळ्यांनी जिथे घात केला, तिथे डोळ्यांनाच आधार देण्याची ही योजना आहे, असे भाष्यकार सांगतात.

वस्त्राचा काठ आणि माणसाची ओळख

प्राचीन पश्चिम आशियात वस्त्राचा काठ ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. मेसोपोटेमियात मातीच्या ओल्या पाटीवर करारनामा लिहिल्यानंतर मुद्रेऐवजी वस्त्राच्या काठाचा ठसा उमटविण्याची प्रथा होती. काठ हा त्या व्यक्तीच्या नावाचा, हक्काचा आणि प्रतिष्ठेचा प्रतिनिधी मानला जाई. बायबलमध्येही दावीद शौल राजाच्या वस्त्राचा काठ गुपचूप कापून घेतो आणि नंतर त्याला स्वतःच्या या कृत्याचा पश्चात्ताप होतो. या पार्श्वभूमीवर ही कथा अधिक चांगली समजते.

आपल्याकडेही धोतराच्या आणि उपरण्याच्या टोकाला मोकळ्या सुटलेल्या धाग्यांना ‘दशा’ असा स्वतंत्र शब्द आहे. परंतु दशा या विणकामातून आपोआप उरलेल्या असतात. त्सीत्सीत मात्र वस्त्र पूर्ण झाल्यावर वेगळ्या धाग्यांनी मुद्दाम बांधावे लागतात. म्हणूनच मराठी बायबलच्या अनुवादकांनी योजलेला ‘गोंडे’ हा शब्द अधिक समर्पक ठरतो.

कोपऱ्यासाठी हिब्रूत ‘कनाफ’ हा शब्द आहे. त्याचा दुसरा अर्थ ‘पंख’ असा होतो. पृथ्वीच्या चार दिशांच्या टोकांनाही हाच शब्द वापरतात. या शब्दाकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

गोंडा कसा बांधतात?

तालीतच्या प्रत्येक कोपऱ्याला काठापासून थोड्या अंतरावर एक छिद्र असते. त्यातून चार धागे ओवून दुमडले जातात, त्यामुळे त्यांचे आठ पदर होतात. चारपैकी एक धागा इतरांपेक्षा लांब ठेवलेला असतो. त्याला ‘शम्माश’, म्हणजेच ‘सेवक’, असे म्हणतात. हा सेवक धागा उरलेल्या सात पदरांभोवती ठरावीक संख्येने गुंडाळला जातो आणि वेढ्यांच्या प्रत्येक गटाच्या आधी व नंतर दुहेरी गाठ मारली जाते. अशा एकूण पाच गाठी होतात. गाठींच्या खाली आठही पदर मोकळे सोडले जातात.

वेढ्यांची संख्या सर्वत्र सारखी नाही. मध्य व पूर्व युरोपातील अश्कनाझी परंपरेत ती अनुक्रमे ७, ८, ११ आणि १३, म्हणजे एकूण ३९ असते. स्पेन व पौर्वात्य देशांतील सेफार्दी परंपरेत अनेक ठिकाणी १०, ५, ६ आणि ५ असे २६ वेढे घेतात. हिब्रू भाषेतील प्रत्येक अक्षराला अंकमूल्य आहे. त्या हिशेबाने ईश्वराच्या चार अक्षरी नावाचे मूल्य २६ होते आणि चार गटांतील वेढे त्या चार अक्षरांचेच क्रमवार मूल्य दर्शवितात. ‘ईश्वर एक आहे’ या अर्थाच्या शब्दांची बेरीज ३९ होते. आणखी एक गणित प्रसिद्ध आहे. ‘त्सीत्सीत’ या शब्दाचे अंकमूल्य ६०० असून त्यात आठ पदर आणि पाच गाठी मिळविल्या की ६१३ ही संख्या येते. ज्यू परंपरेनुसार तोरामधील आज्ञांची संख्या नेमकी तितकीच आहे. अशा रीतीने बोटभर जाडीच्या गोंड्यात सगळ्या धर्मशास्त्राची गणती साठविलेली आहे, असे मानले जाते.

धागे कोणतेही चालत नाहीत. ते याच धर्मकृत्यासाठी आहेत, असा संकल्प मनात ठेवून कातलेले असावे लागतात. वस्त्र लोकरीचे, सुती वा रेशमी असू शकते. मात्र लोकर आणि जवसाचे सूत यांचे मिश्रण ज्यू धर्मात निषिद्ध आहे. चारपैकी एक गोंडा तुटून निकामी झाला, तर तो पुन्हा बांधेपर्यंत संपूर्ण वस्त्र वापरण्यास अयोग्य ठरते.

केव्हा आणि कसे परिधान करतात?

तालीत दोन प्रकारचे असते. मोठे तालीत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी पांघरतात. लहान तालीत हे मध्यभागी गळ्यासाठी छिद्र असलेले आयताकृती वस्त्र असून सनातनी ज्यू पुरुष ते दिवसभर सदऱ्याच्या आत घालतात. काही जण त्याचे गोंडे बाहेर दिसतील असे सोडतात, तर काही जण ते आत खोचून ठेवतात. ही प्रत्येक समाजाची आणि व्यक्तीची रीत आहे.

मोठे तालीत घेताना उभे राहून ते हातात धरतात, आशीर्वचन म्हणतात, क्षणभर मस्तकावरून पांघरतात आणि मग खांद्यांवर घेतात. आज्ञेत गोंडे ‘पाहण्याचा’ उल्लेख असल्यामुळे ती दिवसापुरती लागू होते, असा धर्मपंडितांनी अर्थ लावला आहे. त्यामुळे रात्रीच्या प्रार्थनेला भाविक सहसा तालीत घेत नाहीत. यॉम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासाची पहिली संध्याकाळ हा त्याला ठळक अपवाद आहे. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीच तालीत पांघरले जाते.

सकाळच्या प्रार्थनेत ‘शमा’ या मुख्य पाठाच्या आधी एक प्रार्थना येते. विखुरलेल्या लोकांना पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांतून शांततेने एकत्र आण, असे तिच्यात ईश्वराला विनविलेले आहे. हे शब्द म्हणताना भाविक आपल्या वस्त्राच्या चारही कोपऱ्यांचे गोंडे गोळा करून डाव्या मुठीत हृदयाजवळ धरतात. वस्त्राचा कोपरा आणि पृथ्वीचा कोपरा या दोहोंसाठी ‘कनाफ’ हा एकच शब्द असल्याने या कृतीचा अर्थ स्पष्ट होतो. त्यानंतर शमाच्या तिसऱ्या परिच्छेदात, म्हणजे ‘गणना’ ग्रंथातील गोंड्यांच्या आज्ञेत, त्सीत्सीत हा शब्द तीन वेळा येतो आणि प्रत्येक वेळी गोंड्यांचे चुंबन घेतले जाते.

भारतीय वाचकाला येथे जानव्याची किंवा पारशी बांधवांच्या कस्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ब्रह्मगाठ असलेले जानवे आणि लोकरीच्या ७२ धाग्यांपासून विणलेली, सदऱ्यावर कमरेभोवती बांधली जाणारी कस्ती यांतही धागा, संख्या आणि गाठ यांना धार्मिक अर्थ आहे. तरीही एक महत्त्वाचा फरक आहे. जानवे आणि कस्ती ही स्वतंत्र धर्मचिन्हे असून ती विधिपूर्वक दिली जातात. त्सीत्सीतला वस्त्रावाचून अस्तित्व नाही. चार कोपऱ्यांचे वस्त्र अंगावर असेल तरच त्याला गोंडे लावण्याची आज्ञा लागू होते. नेहमीच्या सदऱ्याला वा कोटाला ती लागू नाही. चार कोपऱ्यांचे वस्त्र रोजच्या वापरातून गेल्यावर आज्ञा पाळण्याची संधी जाऊ नये, यासाठी ज्यू लोकांनी असे वस्त्र मुद्दाम वापरात ठेवले.

हरवलेला निळा धागा आणि नीळ

आज बहुतेक ठिकाणी गोंडे पूर्णपणे पांढरे दिसतात. मग आज्ञेतील निळा धागा कोठे गेला? त्या निळ्या रंगाला ‘तेखेलेत’ म्हणतात. तालमूद या धर्मग्रंथानुसार हा रंग समुद्रातील एका विशिष्ट प्राण्यापासून काढला जात असे. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील हा व्यवसाय प्राचीन काळी अत्यंत मोलाचा होता. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास तो लयाला गेला आणि रंगाची कृतीही विस्मृतीत गेली. तथापि निळ्याच्या अभावी पांढऱ्याला बाध येत नाही, असा निर्णय मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेत आधीच नोंदलेला होता. त्यामुळे निळ्या धाग्यावाचूनही गोंडे बांधण्याची परंपरा तेराशे वर्षे खंडित झाली नाही.

या रंगाच्या इतिहासात भारतही येतो. सागरी रंग महाग असल्याने काही जण वनस्पतीपासून मिळणाऱ्या स्वस्त निळ्या रंगाने धागा रंगवून तो खरा म्हणून विकत. तालमूदमध्ये या लबाडीविरुद्ध कडक इशारा आहे आणि त्या वनस्पतिजन्य रंगाला ‘कला इलान’ असे नाव दिले आहे. तो रंग म्हणजे आपल्या परिचयाची नीळ होय, असे अभ्यासक मानतात. ग्रीक आणि लॅटिन भाषांत निळीचे नावच ‘भारतीय’ या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे.

तेखेलेतचा आधुनिक शोध १९व्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. पोलंडमधील रादझिन येथील धर्मगुरू गेर्शोन हेनोख लाइनर यांनी १८८०च्या दशकात कटलफिश या सागरी प्राण्याच्या शाईपासून निळा रंग तयार करविला आणि त्यांच्या अनुयायांनी तो स्वीकारला. पुढे आयझॅक हर्झोग यांनी लंडन विद्यापीठासाठी १९१३ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात या विषयाचा सखोल अभ्यास केला. रादझिनच्या रंगाचे रासायनिक परीक्षण करविले असता तो ‘प्रशियन ब्लू’ हा कृत्रिम रंग असल्याचे त्यांना आढळले. हे हर्झोग पुढे इस्रायलचे प्रमुख धर्मगुरू झाले. २०२१ मध्ये इस्रायलच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले आयझॅक हर्झोग हे त्यांचे नातू आहेत.

भूमध्य समुद्रातील म्युरेक्स जातीच्या शंखातील गोगलगाय हाच तो प्राणी असावा, असा तर्क बऱ्याच काळापासून केला जात होता. मात्र तिच्यापासून मिळणारा रंग जांभळा असे. १९८०च्या दशकात इस्रायलमधील रसायनतज्ज्ञ ओटो एल्सनर यांना त्याचे उत्तर मिळाले. रंगाचे द्रावण विशिष्ट अवस्थेत असताना त्यावर सूर्यप्रकाश पडला की त्यातील ब्रोमीन निघून जाते आणि लोकर निळी होते. असा मिळालेला निळा रंग आणि वनस्पतिजन्य नीळ यांचा मूळ रेणू एकच आहे. ज्या नकली रंगाविरुद्ध तालमूदने इशारा दिला, तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने अस्सल रंगाहून निराळा नाही. फरक आहे तो उगमाचा आणि ते धागे रंगविणाऱ्याच्या सचोटीचा.

मृत समुद्राजवळील मुरब्बआत खोऱ्यातील गुहांमध्ये सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कापडांच्या तुकड्यांवर म्युरेक्सचा रंग असल्याचे इस्रायलच्या पुरातत्त्व विभागाने २०१३ मध्ये जाहीर केले. आज अनेक ज्यू पुन्हा निळा धागा वापरू लागले आहेत. तथापि खंडित झालेली परंपरा केवळ प्रयोगशाळेच्या आधारे पूर्ववत करता येणार नाही, असे मानणाऱ्या सनातनी मंडळींनी पांढरे गोंडेच कायम ठेवले आहेत.

कोकणातील बेने इस्रायल : जे राहिले आणि जे परत आले

परंपरा खंडित होणे आणि ती पुन्हा जोडणे, हा अनुभव महाराष्ट्रातील ज्यूंना नवा नाही. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकण किनाऱ्यावर अलिबागजवळील नौगाव येथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात बुडाले. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव मिळाले. दिवेकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे, मराठी भाषा आणि कोकणी राहणी यांमुळे ते भोवतालच्या समाजाशी एकरूप झाले.

हिब्रू भाषा विसरली गेली तरी काही गोष्टी टिकून राहिल्या. शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि शमाचे पहिले वचन या त्यांपैकी प्रमुख होत. जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी हे एकच वचन म्हटले जाई. सणही टिकले, परंतु मराठी नावांनी. नवीन वर्षाचा ‘नव्याचा सण’ झाला, यॉम किप्पूर ‘दारफळणीचा सण’ झाला आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून पाळला जाऊ लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शमाचे पहिले वचन टिकले, परंतु गोंड्यांची आज्ञा त्याच पाठाच्या तिसऱ्या परिच्छेदात येते. ग्रंथ हाती नसताना तो परिच्छेदही हाती नव्हता. सणांना जशी अस्सल मराठी नावे मिळाली तसे गोंड्यांच्या बाबतीत झाले नाही. त्यांच्यासाठी हिब्रूतून आलेला सीसीत हाच शब्द रूढ आहे. जे स्मरणात राहिले त्याला मराठी नाव मिळाले आणि जे नव्याने शिकले गेले ते आपले हिब्रू नाव घेऊन आले, असे यावरून म्हणता येईल.

हे शिक्षण टप्प्याटप्प्याने झाले. समाजाच्या परंपरेत दावीद राहाबी या कोचीनच्या ज्यू शिक्षकाला आद्य मान आहे. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोकणातील स्त्रियांपुढे त्यांनी निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी धर्माला मान्य असलेलेच मासे वेगळे काढल्यावर हे लोक ज्यू आहेत अशी त्यांची खात्री पटली, अशी कथा सांगितली जाते. त्यांनी तयार केलेल्या शिष्यांना ‘काजी’ म्हटले जाई. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात ‘शार हारहामीम’ हे सिनेगॉग उभारले. हिब्रू न जाणणारा हा समाज सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत असे. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून आलेले शेलोमो सालेम शुर्राबी यांच्यासारखे शिक्षक आणि १८३०च्या दशकापासून मुंबईत स्थिरावलेले बगदादी ज्यू यांच्यामुळे सार्वजनिक प्रार्थनेची रीत अधिक दृढ झाली.

याच काळात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मराठीत बायबल उपलब्ध करून दिले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मांतर हा मिशनऱ्यांचा हेतू होता, परंतु बेने इस्रायल समाजात तो फारसा सफल झाला नाही. झाले ते उलटच. आपल्या पूर्वजांचा ग्रंथ मायबोलीत वाचायला मिळाल्याने हा समाज स्वधर्माच्या अधिक जवळ गेला. पुढे समाजातील जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांचे मराठी अनुवाद करून हे कार्य पुढे नेले. प्रार्थना हिब्रूत म्हणायची आणि तिचा अर्थ मराठीत समजून घ्यायचा, ही सोय त्यामुळे घरोघरी झाली. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ १८४८ मध्ये, पनवेलचे ‘बेथ एल’ १८४९ मध्ये आणि पेणचे ‘बेथ हा एलोहीम’ १८६३ मध्ये, अशी कोकणातील सिनेगॉग एकामागून एक उभी राहिली.

ओळखीची कसोटी

विसरणे हा दोष मानावा की नाही, हा प्रश्न बेने इस्रायल समाजापुढे इस्रायलमध्ये अतिशय कठोर रूपात उभा राहिला. १९४८ मध्ये त्या देशाची स्थापना झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तेथे स्थलांतरित झाली. परंतु विवाह व घटस्फोटाचे ज्यू नियम त्यांनी पूर्वी पाळले होते काय, अशी शंका तेथील धर्मपीठाने घेतली. बेने इस्रायल व्यक्तींच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करावी, असे निर्देश १९६२ च्या सुमारास देण्यात आले. त्याविरुद्ध समाजाने दीर्घ आंदोलन केले. अखेर १९६४ मध्ये बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, अशी भूमिका इस्रायलच्या संसदेत आणि सरकारने स्पष्ट केली.

शतकानुशतके ग्रंथावाचून शनिवार पाळणाऱ्यांना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करावे लागले, ही जखम जुन्या पिढीच्या मनात दीर्घकाळ राहिली. निळा धागा नसला तरी पांढरे गोंडे ग्राह्य मानणाऱ्या धर्मपरंपरेत, काही नियम नजरेआड झालेल्या समाजाला सामावून घेण्यास वेळ लागला, हे नमूद करणे आवश्यक आहे.

गोंड्यांबाबत आणखी एक वाद अलीकडच्या काळात चर्चेत आला. कालबद्ध आज्ञांतून स्त्रियांना सूट असल्याने परंपरेने तालीत पुरुषच घेत आले आहेत. सुधारणावादी पंथांत मात्र अनेक स्त्रिया ते परिधान करतात. पश्चिम भिंतीजवळ तालीत पांघरून प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांना अनेकदा ताब्यात घेण्यात आले होते. २०१३ मध्ये जेरुसलेमच्या जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सूट म्हणजे मनाई नव्हे, असे या स्त्रियांचे म्हणणे आहे, तर सनातनी मंडळी ही कृती स्थळाच्या प्रथेचा भंग मानतात.

आजची स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ज्यूंची संख्या साडेचार हजारांहून थोडी अधिक होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या वेळी ही संख्या वीस हजारांच्या वर होती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

गोंडे बांधलेले वस्त्र एकट्याने पांघरता येते. सार्वजनिक प्रार्थनेसाठी मात्र किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक असते. या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. मुंबई व ठाण्यात ती जमते, परंतु कोकणातील लहान गावांतील सिनेगॉगमध्ये दहा जण एकत्र येणे कठीण झाले आहे. अलिबागच्या इस्रायल आळीतील घरे बहुतांशी रिकामी झाली असून त्यांतील कुटुंबांचे वंशज आज अश्दोद, दिमोना, लोद, रामले आदी शहरांत राहतात. तेथेही मराठी बोलली जाते, मलिद्याचा विधी होतो आणि ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिकही या समाजाने चालविले.

ज्यू पुरुषाच्या मृत्यूनंतर अनेक समाजांत त्याला त्याच्याच तालीतमध्ये गुंडाळून दफन करतात. त्यापूर्वी एक गोंडा कापून टाकतात. आज्ञा पाळण्याचे बंधन जिवंत माणसाला असते, मृताला नव्हे, हे त्यातून सूचित केले जाते. जुने झालेले वा तुटलेले गोंडेही बेपर्वाईने फेकून न देता आदराने बाजूला ठेवले जातात.

दररोज सकाळी मुठीत धरलेले चार गोंडे पृथ्वीच्या चार कोपऱ्यांची आठवण करून देतात. रायगड जिल्ह्याचा किनारा हाही त्यातील एक कोपरा आहे. ग्रंथ हरवूनही शनिवार न विसरलेल्या लोकांनी तेथे या गाठी नव्याने शिकून घेतल्या. सिनेगॉगमध्ये आज दहा जण जमोत वा न जमोत, ज्यांच्या खांद्यावर तालीत आहे त्यांच्यापुरती ती खूणगाठ अजून सुटलेली नाही.